एक तारखेपर्यंतच्या फुल्या

अल मनखूल, दुबई
शुक्रवार, २६ एप्रिल

प्रिय हम्माद,

हे पत्र हातानं लिहितेय, कारण तुझं व्हॉट्सॲप हल्ली तू वाचत नाहीस, तुझा मॅनेजर वाचतो. ईदच्या दिवशी मी तुला दुआ पाठवली, तर उत्तर आलं, थँक यू फॉर युअर लव्ह, कीप सपोर्टिंग. सख्ख्या बहिणीला! त्या माणसाला माझा सलाम सांग, आणि हेही सांग की ज्या रॅपवर त्याचं घर चालतं, त्यातलं पहिलं या बहिणीच्या डी.एड.च्या वहीत मागच्या पानांवर लिहिलेलं आहे, आणि तेव्हा ताल धरायला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबाही तिनंच दिला होता. तुझे सीए दत्तप्रसाद सोमवारी मतदानासाठी गावी निघालेत, त्यांच्या हाती हे पाठवतेय. पाकीट नीट चिकटवलंय. उघडलेलं मिळालं तर काय ते समज.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. दहा दिवसांपूर्वी इथे पाऊस झाला तो तू टीव्हीवर पाहिला असशीलच. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, लिफ्ट तीन दिवस बंद होती. अक्रम जबल अलीच्या गोदामातच अडकला, दोन दिवस पुठ्ठे अंथरून झोपला. हिबा चार मजले चढून पाण्याच्या बाटल्या आणत होती आणि प्रत्येक जिन्याला इंग्रजीत मला शिव्या घालत होती. कुठली कोण पोरं दारोदार पाणी, ब्रेड, बाळांचे डायपर घेऊन फिरत होती. आमच्या दारावरही आली. कुणी विचारलं नाही की बाई, तुमच्याकडे पैसा किती आहे, तुम्हाला मदत कशाला हवी. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे कामाला येईल.

आता तुझ्या भेटवस्तूंबद्दल. आठ महिने फोन नाही आणि ईदच्या आधी एकदम हिबाला लॅपटॉप, अक्रमला घड्याळ, मला ऊदच्या अत्तराची ती बाटली, शिवाय आमच्या फ्रिजमध्ये मावणार नाही एवढा खजुराचा खोका. अक्रम खूश. चार दिवस बाही वर करून हिंडत होता. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली. लहानपणी तू न सांगता अम्माचे पाय चेपायला बसलास की मी ओळखायची, आज प्रगतिपुस्तक मिळालेलं आहे. तसंच वाटलं. पण तुझ्याबद्दल असं मनात आणलं म्हणून माझी मलाच लाज वाटली, आणि मी खजूर शेजारीपाजारी वाटून टाकले.

मग तो सभेचा व्हिडिओ आला. मागे तुझा एवढा मोठा फोटो, त्यावर 'खाडीवाला' हे तुझं स्टेजवरचं नाव, आणि त्या उमेदवारसाहेबांचा हात तुझ्या खांद्यावर. तू म्हणालास की मी गाव कधी सोडलंच नाही, झोपतो कुठेही, पण उठतो मोहल्ल्यातच. टाळ्या पडल्या. तुला टाळ्या घेता येतात, ते मी नाकारत नाही. जेट्टी होईल म्हणालास, दवाखाना होईल म्हणालास. आणि शेवटी हात वर करून म्हणालास, "अम्माच्या कबरीची शपथ, हा माणूस आपला आहे." हिबा माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, मम्मा, ही इज सेलिंग समथिंग. मी तिला दटावलं, मामूबद्दल असं बोलू नये म्हणून. पण ती गेल्यावर तो तुकडा मी पुन्हा लावला आणि मलाही तेच दिसलं.

हा माणूस आपला कधी झाला, हम्माद? पुराच्या वर्षी आपल्या मोहल्ल्यात छातीएवढं पाणी होतं. अम्मा दोन दिवस मशिदीच्या गच्चीवर होती. बाहेर पडली ती कुराण आणि तुझा शाळेतला पहिल्या नंबरचा कप एवढंच घेऊन. तेव्हा हेच साहेब रस्त्यावर गाडी थांबवून म्हणाले होते की यांच्या घरात दुबईचं सोनं आहे, यांना कसली मदत. तू त्यावर रॅप केलंस. तेच तर गाजलं. जबल अलीच्या कामगार कॅम्पमधल्या पोरांना ते अजून तोंडपाठ आहे. त्या रॅपवर तू मोठा झालास, आणि ज्याच्यावर ते केलंस त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभा आहेस. एखादा म्हणेल, माणसं बदलतात. मी म्हणते, बदलली तर कशानं बदलली ते सांगावं.

मोहल्ल्यात काय चाललंय ते तुझ्यापर्यंत पोचत नसेल, म्हणून सांगते. एक चॅनलवाली माइक घेऊन फिरत होती. प्रत्येकाला विचारत होती की तुमचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर आता तुम्ही सगळे त्यांनाच मत देणार ना. जसं काही अख्खा मोहल्ला एकाच तोंडानं जेवतो. काही बाया हो म्हणाल्या, काहींनी पदर ओढून घेतला. इकडे कॅम्पमध्ये तुझ्या नावानं निरोप फिरतोय की मतदानाला जाणाऱ्याला जाण्यायेण्याचं तिकीट फुकट. आपल्याला इथून मत देता येत नाही, विमानानंच जावं लागतं, हे खरं; पण एका तिकिटाला हजार दिरहम, म्हणजे साडेबावीस हजार रुपये, आणि ते कोण भरतंय हे कुणी सांगत नाही. अक्रमच्या गोदामातले खैरुद्दीनचाचा म्हणाले, तिकीट घेईन, बायकोला भेटीन, मत माझं मी ठरवीन. त्यांनी पुढे अक्रमला विचारलं, तुझा मेहुणा राहतो तरी कुठे? अक्रमनं घरी येऊन तोच प्रश्न मला विचारला.

माझ्या शाळेत डेनिस नावाची एक टीचर आहे, अमेरिकेची, जॉर्जियाची, काळी. मी रिसेप्शनला असते, ती रोज सकाळी माझ्या टेबलाशी कॉफी पिते. तिला तुझा व्हिडिओ दाखवला. भाषा कळली नाही, पण हात वर केलेला पाहून ती इतकी हसली की कॉफी सांडली. म्हणाली, हे आमच्याकडचं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या निवडणुकीत एका श्रीमंत रॅपरनं टीव्हीवर कराचे आकडे पाहिले, आपल्या कमाईतलं किती जाईल ते पाहिलं, आणि लोकांना सांगून टाकलं की दुसऱ्याला मत द्या. डेनिसची आई तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेली. ती म्हणाली होती की तो कर त्याला लागणार, मला नाही. मग हा मला का सांगतोय? पण डेनिसचा भाऊ चिडला होता तो वेगळ्याच कारणानं. तो म्हणे, गोरा बँकवाला आपला खिसा बघून मत देतो तेव्हा कुणी विचारत नाही. काळा माणूस श्रीमंत झाला की त्यानं मात्र सगळ्या जातीचा विचार करायचा? आणि टीव्हीवाले आपल्याला असे माइक लावतात की जणू रॅपर वळला की आपण सगळे वळलो. मला दोघांचंही पटलं. आई आणि मुलगा एकाच टेबलावर भांडत होते आणि दोघं खरं बोलत होते, असं डेनिस म्हणाली.

मला त्या बाईचं एक नवल वाटतं. ती इथे दुबईत राहते, इथे पगारावर कर नाही. तरी कर भरायला लागो न लागो, दरवर्षी आपल्या सरकारला मिळकतीचा कागद पाठवते. मतही टपालानं पाठवते. दोन्हीवर सारखीच कुरकुर करते आणि दोन्ही करते. मी तिला सांगितलं की आमच्याकडे वर्षातले किती दिवस कुठे राहिलास त्यावर बरंच ठरतं. ती म्हणाली, मग तुझ्या भावाचे दिवस मोज. थट्टेत म्हणाली. मीही हसले.

त्यानंतर दोनच दिवसांनी दत्तप्रसाद आले. भला माणूस, चप्पल बाहेर काढून, उभ्यानंच पाणी प्यायला. तुझा एक कागद घेऊन आले होते, माझ्या सहीसाठी. त्यात लिहिलंय की हम्माद हा कायम माझ्या या घरी राहतो, हेच त्याचं घर. तेव्हा मला लॅपटॉप कळला, घड्याळ कळलं, ऊद कळला. मी विचारलं, एवढी घाई का? त्यांनी समजावून सांगितलं. तू भारतात ठरलेल्या दिवसांपेक्षा कमी राहिलास तर तुझ्या बाहेरच्या कमाईला तिथला कर लागत नाही, पण मग तुझं घर कुठे तरी दाखवायला हवं. आणि साहेबांनी दुबईच्या हॉटेलात सगळ्या पैसेवाल्यांना शब्द दिलाय की निवडून आलो तर ही दिवसांची अट सैल करायला दिल्लीत भांडेन. म्हणजे जेट्टी नाही, दवाखाना नाही. स्टेजवर तू गाव कधी सोडलंच नाहीस, आणि कागदावर गावात कधी राहतच नाहीस. मला राग आला, पण खरं सांगू, फार नाही आला. खिसा कुणाला नसतो? अक्रमही पगारवाढ देणाऱ्या मॅनेजरचीच बाजू घेतो. मी मनात म्हटलं, रविवारी सही करून देऊ, आणि दोन शब्द सुनावू.

पण त्या कागदांत एक जास्तीचं पान आलं होतं. चुकून टाचलेलं, गेल्या वर्षीचं. तुझ्या जाण्यायेण्याच्या तारखा. मी सहज वाचायला घेतलं. तेरा मार्च, भारतातून बाहेर. एक एप्रिल, भारतात. मधल्या दिवसांसमोर लिहिलंय, दुबई, बहीण शहनाझ यांच्या घरी. आणि खाली, कराचं वर्ष संपेपर्यंत, म्हणजे एकतीस मार्चपर्यंत, भारतात राहण्यासाठी शिल्लक दिवस: एक.

तुला आठवतोय ना गेल्या वर्षीचा मार्च? मी दहा तारखेला अम्माजवळ गेले. तू तिथेच होतास, तुझी उशी तिच्या खाटेखाली होती. तेराला तू म्हणालास, मस्कतला शो आहे, ॲडव्हान्स घेतलाय, जावंच लागेल, एक तारखेला परत येतो. अम्मानं तुझ्या कपाळावर हात फिरवला आणि म्हणाली, जा, रोजीरोटी आहे. पुढे दहा दिवसांत रमझान लागला. सोळा वर्षं मी या देशांत काढली, रमझानात इथे कुणी गाण्याचे शो ठेवत नाही हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि मला ते एकदाही सुचलं नाही. मी तिचे डायपर बदलत होते, मला काय सुचणार. अक्रमनं फोनवर सांगितलं, हम्माद आपल्याकडेच आहे, शो पुढे गेलाय म्हणतो, तालीम चालू आहे. त्यानंही जास्त विचारलं नाही. पाहुण्याला कधी जाणार ते विचारायचं नसतं, एवढं तो पाळतो. आणि त्यानंच मला सांगितलं की तू रोज इफ्तार झाली की स्वयंपाकघरात जातोस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीची फुली मारतोस. अक्रम म्हणाला, बिचाऱ्याचा सगळा जीव अम्माकडे लागलाय.

मी ते अम्माला सांगितलं. ती तेव्हा फार बोलत नव्हती. पण फुल्यांचं ऐकलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं. मग रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर ती मला बोटांनी विचारायची, किती राहिले? मी सांगायची. नऊ. आठ. सात. ती दुसऱ्या दिवसापर्यंत तेवढ्यावर राहायची. सव्वीसला मी सांगितलं, सहा. सत्तावीसला सकाळी ती गेली. दुपारी असरच्या नमाजनंतर दफन झालं, तिसऱ्या दिवशी झियारत झाली, आणि तू एक तारखेला दुपारी आलास आणि कबरीवर पडून असा रडलास की बघणाऱ्यांना तुला उचलावं लागलं. फ्लाइट मिळाली नाही म्हणालास. मी सगळ्या बायांना तुझ्या फुल्यांची गोष्ट सांगितली. घरोघरी सांगितली. मोठ्या अभिमानानं सांगितली. आज मोहल्ल्यातल्या बाया तुझ्या सभेला जातात ना, त्या रॅप ऐकायला जात नाहीत. ज्यानं आईसाठी दिवस मोजले तो पोरगा बघायला जातात. ती गोष्ट त्यांना मीच दिली.

दत्तप्रसादांना मी परवा फोन करून विचारलं. आधी टाळत होते. मग म्हणाले, आपा, त्यानं मला तेव्हा विचारलं होतं, आई आजारी असेल तर काही सूट असते का? मी म्हटलं, आईसाठी सूट नसते, येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस मोजतात, आणि दिवस जास्त झाले तर चार लाख दिरहम जातील. चार लाख दिरहम. नव्वद लाख रुपये. लहान रक्कम नाही ती. मला कुणी एवढे पैसे दाखवले असते तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. मला वाटतं, मीही दोन दिवस घोळ घातला असता. पण सत्तावीसला फोन आल्यावर मी विमानात बसले असते, हम्माद. आणि नसते बसले, तर निदान तिच्या कबरीची शपथ घेऊन मतं मागितली नसती.

म्हणून असं ठरवलंय. तुझा कागद सही न करता सोबत ठेवलाय. मी पाच तारखेला माझ्या तिकिटानं येतेय आणि सात तारखेला मोहल्ल्याच्या शाळेत रांगेत उभी राहणार आहे. परदेशात राहणारी मतदार म्हणून माझं नाव तिथल्या यादीत आहे. मत कुणाला देईन ते तुला सांगणार नाही. चार तारखेला तुझी शेवटची सभा आहे. त्या सभेत लोकांना सरळ सांग की या माणसामुळे माझा कर कमी होईल, म्हणून मी याच्याबरोबर आहे; तुम्हाला पटलं तर द्या मत. एवढंच सांग. कुणी टाळ्या वाजवणार नाहीत, पण कुणी दगडही मारणार नाही, आपल्या लोकांना खिसा कळतो. तसं बोललास तर पाच तारखेला तुझ्यासमोर मी सही करीन, कारण तेवढे दिवस तू माझ्या घरी राहिलास हे खरंच आहे. मात्र 'कायम' हा शब्द खोडायचा. आणि अम्माचं नाव पुन्हा घेतलंस, तर ज्या ज्या घरी मी फुल्यांची गोष्ट सांगितली, त्या त्या घरी जाऊन परत घेईन. मला ते करायचं नाहीये. पण मी करीन, तू मला ओळखतोस.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. दुबईला परत आले तेव्हा कॅलेंडरचं ते मार्चचं पान मी फाडून घडी घालून कुराणाच्या कापडी वेष्टनात, जुझदानात, ठेवलं होतं. तुझं अम्मावरचं प्रेम म्हणून ठेवलं होतं; नीट पाहिलंच नव्हतं. परवा काढून पाहिलं. चौदा तारखेपासून रोज एक फुली, निळ्या पेनानं. सत्तावीसवरही आहे. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, त्यांच्यावरही आहेत, तेवढ्याच सरळ. अम्मा सत्तावीसला सकाळीच गेली होती आणि दहा मिनिटांत तुला फोन गेला होता. मग संध्याकाळी रोजा सोडून, माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून, पुढचे पाच दिवस तू कुणासाठी फुल्या मारत होतास? हे मला स्टेजवरून नको, मॅनेजरकडून नको. पाच तारखेला घरी ये, दार लाव, आणि एकदा मला तोंडानं सांग. पान तुझ्याकडे पाठवत नाहीये. ते माझ्याजवळ राहील.

अजूनही तुझीच,
शहनाझआपा